पुराच्या पाण्यासाठी दोन कॅप्सूल पुरेत

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की 'घरात असू द्या' म्हणून अझिथ्रोमायसिन, सिफिक्सिम अशा अँटिबायोटिकच्या पट्ट्या घेऊन ठेवण्याची लगबग सुरू होते. डॉक्टरांच्या घरी अँटिबायोटिक असतं, मग आमच्याकडे का नको, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण डॉक्टर औषध ठेवतो तेव्हा ते कोणत्या जंतूवर, कोणत्या प्रसंगी आणि किती तासांत घ्यायचं, हे आधीच ठरलेलं असतं. या कसोटीवर मुंबई-कोकणातल्या घरात एकच अँटिबायोटिक टिकतं. ते म्हणजे लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा तापाचा आजार) डॉक्सिसायक्लिन, तेही आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन.

26 जुलै 2005च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते आपण पाहिलं आहे. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून बारीकशा खरचटीवाटेही शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालावं लागलं तर मोठ्या माणसाने 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100च्या दोन कॅप्सूल, एकदाच घ्यायच्या. शक्यतो 24 तासांत, फार तर 72 तासांत. पायाला जखम असेल तर ती साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे एका डोसवर भागेलच असं नाही, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही बघावं लागतं. रोज पाण्यात उतरणाऱ्या सफाई कामगारांना, भातलावणी करणाऱ्यांना आठवड्याला एक डोस द्यावा लागतो. तो आरोग्य केंद्राच्या देखरेखीखालीच घ्यावा.

गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी देऊ नये. त्यांच्यासाठी पर्याय आहे, तो डॉक्टर ठरवतील.

घेण्याची पद्धत फारसं कोणी सांगत नाही आणि त्रास तिथेच होतो. कॅप्सूल जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नका. रात्री झोपता झोपता घोटभर पाण्याबरोबर घेतलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथे व्रण पडतो आणि दुसऱ्या दिवशी थुंकी गिळतानाही छातीत कळ येते. दूध, अँटासिड, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यासोबत घेतली तर औषध नीट शोषलंच जात नाही. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या.

केमिस्टकडून पट्टी कापून घेताना एक गोष्ट बघाच. मुदतीची तारीख बहुधा पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते आणि नेमका तोच तुकडा दुकानात राहतो. बिल मागा, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. ते बिल कॅप्सूलसोबत डबीत ठेवा. डबी बाथरूममध्ये किंवा गॅसजवळ नको, कोरड्या कपाटात हवी. मुदत उलटलेलं टेट्रासायक्लिन घेतल्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी 1963पासून आहेत, आणि डॉक्सी त्याच कुळातलं आहे. तेव्हा जुनी कॅप्सूल सरळ टाकून द्या.

आता बाकीच्या पट्ट्यांविषयी. पावसाळी सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यावर अझिथ्रोमायसिन काही करत नाही. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला आधी ओआरएस लागतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं, अर्धंमुर्धं नाही. सिफिक्सिम तर शेड्यूल एच-1मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि केमिस्टला विक्रीची नोंद तीन वर्षं जपावी लागते. तरीही ते सर्रास मिळतं, हे संतापजनक आहे. घरातल्या पट्टीतल्या दोन गोळ्या घेऊन रुग्ण आला की रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, अनेकदा काही सापडत नाही, आणि टायफॉइडचं निदान लांबतं.

डॉक्सी घेतली म्हणून पुढचा ताप अंगावर काढू नका. लेप्टो पाण्यात गेल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांनी, कधी महिन्याभरानेही उठतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना गाठा आणि पाण्यात चाललो होतो हे आपणहून सांगा. तापावर तोवर फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, कारण तो डेंग्यूही असू शकतो.

— एक फिजिशियन, मुंबई