धुऱ्याच्या दाव्याबद्दल

विचिटा, कॅन्सस
२२ जून

प्रिय गड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी गव्हाच्या शेतात उभा होतो. भाऊवर घातलेल्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या दाव्याची पुढची तारीख तू सांगितलीस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तुला राग आला असेल. पण मनात जे होतं ते फोनवर सांगता आलं नसतं.

इथून पाऊण तासावर गेसल नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात तिथल्या कच्च्या रस्त्यावर माझी गाडी बर्फात रुतली, तेव्हा एक सत्त्याहत्तर वर्षांचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. तेव्हापासून माझं तिथे जाणंयेणं आहे. मी त्यांना आजोबाच म्हणतो. ते मेनोनाइट, म्हणजे हाती शस्त्र न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चांपा तुझ्या गावापासून किती लांब?" आपल्या गोंदियाहून जाताना बिलासपूरच्या पुढे लागतं ते चांपा रे! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी यांच्या चर्चच्या मंडळ्यांनी तिथे कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा केला. इतक्या दूर आपल्या बाजूच्या स्टेशनाचं नाव ऐकून मला भरून आलं.

यांचे पूर्वज आजच्या युक्रेनमधल्या, तेव्हा रशियाच्या ताब्यातल्या मोलोच्ना वसाहतीत शेती करायचे. काळीभोर जमीन, बांधलेली घरं, सगळं होतं. रशियाच्या झारने सैन्यातून दिलेली सूट काढून घेतली आणि १८७४ साली अलेक्झांडरवोल हे जवळजवळ अख्खं गाव उठून इथे आलं. बंदूक धरायची नाही, एवढ्यासाठी जमीन सोडली! आले ते टोळधाडीच्या वर्षी. २०२० मध्ये नागपूर-अमरावतीकडे टोळ उतरले होते, तेव्हा आपण काय धास्तावलो होतो, आठवतं ना? इथे तर त्या उन्हाळ्यात शेतंच्या शेतं फस्त झाली होती. त्यावर यांनी टर्की रेड गहू पेरला. लेकरांनी एकेक दाणा निवडून पेट्यांत भरून आणला, असं इथे सांगतात. हा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा. तो बर्फाखाली थंडी काढतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. तेव्हाचा मळणीचा सात दात्यांचा दगडी रूळ आजोबांच्या अंगणात अजून आहे. मी हात फिरवून पाहिला. आपलं खळं आठवलं.

आजोबांच्या स्वयंपाकघरात एक चित्र आहे, यांच्या पंथपरंपरेतल्या जुन्या हुतात्म्याचं. डर्क विलेम्स १५६९ मध्ये हॉलंडात तुरुंगातून पळाला. गुन्हा काय, तर मोठेपणी, स्वतःच्या समजुतीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या घरी इतरांचाही होऊ दिला. मागे लागलेला शिपाई तळ्यावरचं बर्फ फुटून पाण्यात गेला. डर्क परत फिरला, त्याला ओढून काढलं, पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. "पळाला असता तर वाचला असता," मी म्हणालो. आजोबा म्हणाले, "मग त्या माणसाला बुडू द्यायचं होतं का?" आणि चहा ओतायला लागले.

पहिल्या महायुद्धात युद्धरोखे घेतले नाहीत म्हणून यांच्या लोकांच्या चर्चना पिवळा रंग फासला गेला. दुसऱ्या महायुद्धात आजोबांचे वडील सैन्याऐवजी मनोरुग्णालयात कामाला गेले, बिनपगारी. तशी नागरी सेवा करणारे सुमारे १२,००० जण होते. घरी शेत बाईमाणसांनी ओढलं. गावातले काही लोक आजोबांच्या आईशी कित्येक वर्षं बोलले नाहीत.

आता धुऱ्याचं. आजोबांचा शेजारी त्यांच्याच मंडळीतला. दर पेरणीला थोडा थोडा आत सरकतो, असं यांना वाटायचं. कोर्टात ओढायचं नाही ही जुनी शिकवण. कोर्टात साक्षीला गेले तरी शपथ घेत नाहीत, 'होय तर होय, नाही तर नाही' एवढंच. पण मन ऐकेना. रात्री बॅटरी घेऊन एकटेच फीत लावून मोजायचे, हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्या मंडळीत एकमेकांचे पाय धुतात. त्या वर्षी आपल्या वाट्याला तोच आला तर काय, या विचाराने आदल्या संध्याकाळी ते त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. दोघांनी मिळून मोजणी केली. एका टोकाला शेजारी दोन फूट आत होता. दुसऱ्या टोकाला आजोबाच तीन फूट आत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेल्या वर्षी मी शपथपत्रावर सही केली. भाऊ माझी बांधी, म्हणजे धानाचा तुकडा खातो, असं त्यात लिहिलंय. मी तो धुरा स्वतः कधीच मोजला नाही. काकांनी सांगितलं, मी ते खरं धरलं. चार वर्षं झाली, भाऊच्या घरचं पाणीसुद्धा मी प्यायलो नाही.

मी डिसेंबरात येतोय, तेव्हा धान कापून झालेलं असेल. तू भाऊकडे जाशील का? म्हणावं, मोजणीला आम्ही दोघंच उभे राहू, दोन्ही टोकांना. जे निघेल ते मला मान्य आहे. वकिलांना मी आजच लिहितो, तारीख पुढे घ्या म्हणून. भाऊ हो म्हणाला तर कळव, आणि तुझ्या अंगावर ओरडला तरी कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू