संध्याकाळी सातच्या फोनबद्दल

आदरणीय कॅप्टन मॅडम,

सादर नमस्कार.

परवा माळा आवरताना एक शंभरपानी वही सापडली. पुढच्या बाजूला सातवीच्या मुलांच्या गुणांच्या याद्या आहेत, मागच्या पानावर माझ्याच घाईच्या अक्षरात आकडे. '22 एप्रिल. 86. पंधरा लिटर. बोलले नाहीत.' खाली '23 एप्रिल. 88. दोन घास पेज.' अशा एकोणीस ओळी आहेत. त्यातली एकही माझी नाही. तुम्ही लष्करी रुग्णालयाच्या वॉर्डातून माझ्या वडिलांचा ऑक्सिजन फोनवर सांगत होता आणि मी उतरवून घेत होते. वही मांडीवर घेऊन तिथेच बसले आणि ठरवलं, की इतकी वर्षं राहून गेलेलं पत्र आता लिहायचंच. तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत लिहिणं बरं वाटत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा ओळखालच.

2021 चा एप्रिल, कोरोनाची दुसरी लाट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय 71. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात तापाची घरं मोजायची सोय राहिली नव्हती. आबांना खोकला फारसा नव्हता, धापही लागत नव्हती. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. शेजारच्या पोराने बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 84! दोन दिवस मी फोन करत होते. एका ठिकाणी बेड नाही, दुसऱ्या ठिकाणी बेड आहे पण ऑक्सिजन नाही, तिसऱ्या ठिकाणी आधी अनामत रक्कम. शेवटी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलीक्लिनिकमधून चिठ्ठी मिळाली आणि आम्ही पुण्याच्या लष्करी रुग्णालयाकडे निघालो. खंबाटकीचा बोगदा ओलांडताना ॲम्ब्युलन्सच्या चालकाने सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला, तो क्षण मी आजही विसरले नाही.

रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच तंबू होता. आबा आत गेले आणि मी बाहेर राहिले. हातात त्यांची चप्पल होती, कारण स्ट्रेचरवरून ती पडली होती.

त्यानंतर आत काय काय बदललेलं होतं ते मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी, आबांकडून कळलं. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा वॉर्ड श्वासाच्या रुग्णांना दिलेला. येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. एक लिफ्ट फक्त बाधितांसाठी. जमिनीवर लाल पट्टा, त्याच्या पलीकडे कुणी साध्या कपड्यांत पाऊल टाकायचं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणारी माणसं वॉर्डात आणलेली. एक फळी कामावर असायची आणि दुसरी विलगीकरणात, म्हणजे एकदम सगळे आजारी पडून वॉर्ड उघडा पडू नये. पीपीई किट उतरवताना समोर जोडीदार उभा राहायचा आणि एकेक पायरी मोठ्याने सांगायचा, कारण थकलेला माणूस नेमका उतरवताना चुकतो आणि संसर्ग तिथेच होतो. आबा म्हणाले, 'बंदूक साफ करताना असतं तसं. घाई केली की गेला.' किटच्या छातीवर मार्करने लिहिलेलं नाव आणि हुद्दा, एवढीच तुमची ओळख. तुमचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नाही.

ऑक्सिजनची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळाली. त्याच आठवड्यात हवाई दलाचं सी-17 विमान पुण्याहून रिकामे टँकर घेऊन जामनगरला गेलं होतं, भरलेले टँकर रस्त्याने परत यावेत म्हणून. कळंबोलीहून सात टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमपर्यंत गेली होती. अख्खा देश हवेमागे धावत होता. तुमच्या वॉर्डात एक नर्सिंग असिस्टंट दर तासाला प्रत्येक खाटेपाशी थांबायचा. मास्क नाकाला नीट बसलाय का, कडेने हवा निसटतेय का, आणि कुणी जेवायला मास्क काढला असेल तर भिंतीवरचा फ्लो मीटर बंद आहे का, हे पाहायचा. 94 च्या वर कुणी टिकला की दोन लिटर कमी करायचा. आबा त्याला 'कोठारवाला' म्हणायचे. दुष्काळात धान्य मोजून देणाऱ्या माणसाबद्दल वाटावा तसा आदर त्यांच्या बोलण्यात असायचा.

आणि पालथं झोपवणं! उताणं झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो, पालथं झालं की तो मोकळा होतो आणि तिथे हवा शिरते, हे तुम्ही मला फोनवर नीट समजावलं होतं. आबा मात्र ऐकेनात. पोटावर झोपलं की जीव घुसमटतो म्हणायचे. मग त्या कोठारवाल्या मुलाने एका सकाळी खाटेशी उभं राहून कडक आवाजात हुकूम दिला, 'साब, लेट पोझिशन!' अठ्ठावीस वर्षांची नोकरी अंगात मुरलेली. आबा क्षणात पालथे झाले. त्या दिवशीच्या ओळीत लिहिलंय, '91. पालथे, चार तास.' त्या आवाजाचेही आभार. तो मुलगा आता कुठल्या युनिटमध्ये असेल कोण जाणे. भेटला तर सांगा.

पण मॅडम, हे पत्र फोनबद्दल आहे.

आमच्या घरात एक जुनी गोष्ट सांगतात. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आमच्याकडे मानमोडी म्हणायचे. मुंबईच्या गोदीकडून ती रेल्वेने दख्खनभर पसरली आणि देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आबांची आजी सांगायची, की मानमोडीत मेलेल्यांचं दुःख नव्हतं, पाणी पाजायला माणूस नव्हता त्याचं होतं. दुसरी गोष्ट 1971 ची. आबांच्या मांडीत पूर्वेच्या आघाडीवर बॉम्बची किरची घुसली. ते लष्करी रुग्णालयात पडून होते आणि घरी बातमी आली अकरा दिवसांनी. माझी आजी ते अकरा दिवस नंतर आयुष्यभर मोजत राहिली. त्यामुळे फाटक बंद झालं तेव्हा आईने मला एकच विचारलं, 'आता आपल्याला कोण सांगणार?' तिलाही ताप होता आणि ती मागच्या खोलीत एकटी होती.

त्याच संध्याकाळी सातला फोन वाजला. 'वॉर्डातून बोलते. सुभेदार साहेबांच्या घरचे का?' आवाज वऱ्हाडी होता. तुम्ही आकडा सांगितलात, लिटर सांगितले, जेवण सांगितलं आणि शेवटी म्हणालात, 'आणि तुम्ही जेवल्या का नाही?' दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. तिसऱ्या दिवशी सात. सहा तास किटमध्ये, पाण्याचा घोट नाही, बाहेर येऊन अंघोळ, आणि मग खाटांच्या यादीप्रमाणे एकेका घरी फोन. किती घरं होती हे मी तेव्हा विचारलंच नाही. मला वाटायचं फोन फक्त आमच्याच घरी येतो.

27 तारखेला फोन चारला आला. सात वाजायच्या आत फोन येणं म्हणजे काय, हे उचलायच्या आधीच कळलं होतं. तुम्ही फिरवून बोलला नाहीत. 'आबांना आज डी.आय. लिस्टवर घेतलंय.' फौजी घरातली मुलगी आहे मी, डेंजरसली इल म्हणजे काय ते मला माहीत होतं. अशा वेळी घरच्यांना कळवायचं, शक्य असेल तर बोलावून घ्यायचं, ही लष्करी रुग्णालयांची जुनी रीत. बोलावणं तर आता शक्य नव्हतं. तुम्ही म्हणालात, 'लिस्टवर घेतलं म्हणजे हात टेकले असं नाही. आता हाय फ्लो ऑक्सिजनवर ठेवलंय आणि तासातासाला बघणार. खोटं सांगणार नाही तुम्हाला.' मॅडम, त्या महिन्यात आम्हाला धीर देणारे पुष्कळ होते. खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्या.

मग तुम्ही स्वतः किट चढवून पुन्हा आत गेलात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन आबांच्या कानाशी धरलात आणि म्हणालात, 'बोला आई.' आई काय बोलली ठाऊक आहे ना? 'अहो, शेळी व्याली. दोन करडं आहेत. एक पांढरं.' तिला दुसरं काही सुचलं नाही. पलीकडून फक्त यंत्राचा आवाज येत होता. नंतर तुम्ही सांगितलंत, की त्यांनी अंगठा हलवला.

29 च्या संध्याकाळी तुमचा आवाज वेगळा होता. आकडा चांगला होता, 92. तरी वेगळा. मी न राहवून विचारलं, 'मॅडम, तुम्ही जेवलात का?' तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग 'हो, जेवते आता' म्हणून फोन ठेवलात. कारण मला आबा घरी आल्यावर कळलं. शेजारच्या खाटेवरचा तरुण जवान त्या दुपारी गेला होता. त्याचं घर लांब, दुसऱ्या राज्यात. शेवटचा तासभर तुम्ही त्याचा हात धरून उभ्या होतात. तो गेल्यावर तुम्ही त्याचा नंबर, हुद्दा, नाव असं पूर्ण उच्चारलंत, जसं परेडला पुकारतात तसं. आणि त्याच्या घरी फोन करून मग आमच्या घरी केलात. त्या घराच्या वतीने आभार मानायचा मला अधिकार नाही. पण त्या पोराजवळ माणूस होतं, हे आबा येईल त्याला सांगतात.

मे महिन्यात सरकारने 2017 ते 2021 मध्ये सेवेतून बाहेर पडलेल्या सुमारे 400 लष्करी डॉक्टरांना अकरा महिन्यांसाठी परत बोलावलं. आबा तेव्हा बसून चहा घेऊ लागले होते. ही बातमी ऐकून म्हणाले म्हणे, 'म्हणजे ही लढाईच होती. मला वाटलं मी नुसताच आजारी आहे.'

वहीतली शेवटची ओळ '10 मे. 95, साध्या हवेवर. बाथरूमपर्यंत चालले. उद्या न्यायला या.'

11 तारखेला आम्ही गेलो तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. तुमची फळी विलगीकरणात गेली होती. आबा फाटकापाशी थांबून इकडेतिकडे बघत होते. गाडीत बसल्यावर त्यांनी कारण सांगितलं. शुद्धीवर आल्यावर एकदा त्यांनी तुम्हाला सॅल्यूट करायला हात उचलला होता, सलाइनच्या सुईसकट. तुम्ही तो हलकेच खाली दाबून म्हणाला होता, 'आत्ता नाही, सुभेदार साहेब. उभं राहून करा.'

तो राहिलाय. आबांनी ब्लेझर आणि पदकं कपाटात वेगळी काढून ठेवलीत. गुडघे आता त्रास देतात, पण उभं राहूनच करणार म्हणतात. बदलीच्या, रजेच्या वाटेवर कधी सातारा लागला तर घरी या. आधी फोन करा. संध्याकाळी सातला केलात तर आम्ही सगळे घरीच असतो.

आपली,
पंधरा लिटरवाल्या सुभेदारांची मुलगी