तांब्याचं तोंड

नौपाडा, ठाणे
८ जून

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऐरोलीच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून १५ तारखेला रुजू होणार, असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी नुसती ‘छान, छान’ म्हणत राहिले. सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

तुझ्याकडे एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसणारी मुलं येतील. पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला गुण मिळतात, अ श्रेणीला ७, म्हणून पालक आतापासूनच विचारायला लागतात. अशाच परीक्षेच्या घाईत माझ्या हातून एक चूक झाली होती. सातवीचा वर्ग, वस्तुचित्राचा सराव, टेबलावर तांब्या आणि दोन कांदे. एका मुलीला तांब्याचं तोंड काही केल्या जमेना, लंबगोल एका बाजूला टोकदार व्हायचा. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि एका दमात तोंड काढून दिलं. बाकावरच्या मुली ‘बाई, किती मस्त!’ म्हणाल्या. मलाही बरं वाटलं.

दहा मिनिटांनी परत आले तर ती खोडतच होती. माझ्या लंबगोलाशेजारी तिला स्वतःचा सगळा तांब्या वाईट दिसायला लागला होता. पोट खोडलं, बूड खोडलं, कांदेही खोडले. कागदाचा पापुद्रा निघाला होता आणि मधोमध माझं तेवढं तोंड स्वच्छ उरलं होतं. त्यानंतर वर्षभर ती कागद पुढे करायची आणि म्हणायची, “बाई, तुम्हीच काढून द्या ना.”

तेव्हापासून मी मुलांच्या कागदावर पेन्सिल टेकवत नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर दाखवते आणि चिठ्ठी खिशात घालते. आधी तांब्या हातात द्यायचा, कडेवरून बोट फिरवायला लावायचं. मग तांब्या हळूहळू वर न्यायचा, तोंड डोळ्यांच्या रेषेत आलं की लंबगोल मिटून नुसती आडवी रेघ होते. हे बघताना मुलांचे चेहरे बघ, सई. तू पाच वर्षांची असताना स्वयंपाकघरात हेच बघून टाळ्या पिटल्या होत्यास.

ऐरोलीला खाडी जवळ आहे. फ्लेमिंगो काढा म्हटलं की सगळा वर्ग गुलाबी रंग घोळवणार. यंदाचे पक्षी बहुतेक गेलेच असतील, पण हिवाळ्यात ते परत आले की शाळेची परवानगी काढून ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन जा. थव्यातली पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग नंतर खाण्यातून चढतो. हे तू आधी सांगू नकोस. कोणीतरी करडा पक्षी रंगवून आणेल, त्या दिवशी मला फोन कर. चिखलासाठी काळी ट्यूब उघडू देऊ नकोस. बर्न्ट सिएनाच्या तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळला की खाडीच्या जवळ जाणारा करडा मिळतो.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत दहा मिनिटं पाण्यातच जातात. बाकागणिक एकच वाटी दे. आणि फडकी हवीतच, नाहीतर ब्रश गणवेशाला पुसतात आणि घरी मुलांनाच ओरडा बसतो.

चाचणी परीक्षा जवळ आली की तुझी तासिका गणिताला मागतील. एकदा दे, दुसऱ्यांदा देऊ नकोस.

स्वतःचं काम मात्र सोडू नकोस. मी सहा वर्षं सोडलं होतं. शाळेतून आल्यावर हात दुखायचे हे खरं, पण त्या सहा वर्षांत मी वर्गात तेच ते शिकवत होते हेही खरं. पुन्हा मासुंदा तलावाच्या काठावर बसून स्केचिंग करायला लागले, तेव्हा पाण्यातलं प्रतिबिंब मलाच जमेना. दुसऱ्या दिवशी वर्गात, ज्याला जमत नव्हतं त्याच्या शेजारी मी जास्त वेळ बसले.

आजीच्या जुन्या सुती साडीची साठ फडकी कापून ठेवली आहेत. कडा दुमडायच्या राहिल्यात, त्या शनिवारपर्यंत करते. रविवारी जेवायला ये आणि घेऊन जा.

तुझी,
आई