तो सोनेरी नाण्याचा फोटो आता पुरे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात अर्थ पानावर बिटकॉइनची बातमी होती, भाव वरखाली झाल्याची नेहमीचीच, आणि बातमीच्या डोक्यावर पाव पान खाणारा एक फोटो, लॅपटॉपच्या कीबोर्डवर पसरलेली चारपाच चकचकीत सोनेरी नाणी आणि त्यावर तो दोन दांड्यांचा बी. तुम्हालाच कशाला बोलू, सगळेच पेपर आणि सगळेच चॅनल तोच फोटो लावतात. पण मी तुमचा पेपर पस्तीस वर्षं घेतोय म्हणून भांडायचं तर तुमच्याशीच. साहेब, असं नाणं नसतं हो. म्हणजे बाजारात मिळतं, पण ते बिटकॉइन नसतं. आणि हा फोटो बघून माणसं फसतायत, हे मी आमच्या बिल्डिंगमध्ये डोळ्यांनी बघितलंय म्हणून हे पत्र.

मी नाणी गोळा करतो, शिवराई, ढबू पैसे, संस्थानांची नाणी वगैरे, फार श्रीमंती संग्रह नाही, पण चाळीसेक वर्षं रविवारी जुन्या बाजारात पाय घासलेत त्यामुळे नाणं हातात घेतलं की थोडंफार कळतं. म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ, नाव नको, मागच्या महिन्यात एक मखमली डबी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "जरा बघून सांगता का, पंधरा हजाराला घेतलंय, मुलाला अजून सांगितलेलं नाही." डबीत बिटकॉइन. कोणीतरी ओळखीच्या ओळखीतून आलेला माणूस, बोलायला गोड, त्याने सांगितलं होतं की एका बिटकॉइनचा भाव लाखोंच्या घरात आहे, मी अर्जंट पैशांची गरज आहे म्हणून स्वस्तात देतोय. आणि पुरावा काय दाखवला? पेपरचं कात्रण! व्हॉट्सॅपवर. वर भाव छापलेला, खाली नाण्याचा फोटो, आणि डबीतलं नाणं हुबेहूब तसंच. आता सांगा, त्या माणसाने खोटं काय दाखवलं? फोटो तुमचा, भाव तुमचा, नाणं फक्त त्याचं.

मी भिंग घेतलं. नाणं रुंद, कडा करकरीत, सोन्याचा मुलामा नवरीच्या दागिन्यासारखा लखलखीत. कडेला बारीक इंग्रजीत लिहिलेलं, एक औंस, ९९९ शुद्ध तांबं. रंग सोन्याचा, लिहिलंय तांबं, आणि फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं तर टक्कन चिकटलं! म्हणजे आत लोखंड. सोनं नाही, तांबं नाही आणि बिटकॉइन तर नाहीच नाही. असली नाणी ऑनलाइन दोनतीनशे रुपयांत डबीसकट मिळतात, शोकेसमध्ये ठेवायला, गिफ्ट द्यायला. मी काही बोललो नाही पण चुंबक चिकटल्याचा आवाज त्यांनी ऐकला. ते नुसते बसून राहिले, चहा पण तसाच गार झाला.

आता कोणी म्हणेल की एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये का. पण कळणार कसं? कॉइन म्हणजे नाणं, शाळेत हेच शिकवलं, वर फोटोही नाण्याचाच. मला स्वतःला माझ्या भाच्याने समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, तो आयटीत आहे. तो म्हणाला, "मामा, नाणं विसर, वही डोळ्यासमोर आण. एक रोजमेळ आहे, त्याच्या प्रती जगभर हजारो कॉम्प्युटरवर आहेत, आणि कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेले एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तुझ्या खिशात काहीच नसतं, तुझ्याकडे असते ती फक्त किल्ली." किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, तो ज्याच्याकडे तो मालक, हरवला तर संपलं, फॉरगॉट पासवर्ड नाही की ब्रँच मॅनेजर नाही. ही वही सुरू झाली ३ जानेवारी २००९ ला. पहिल्याच पानावर त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्सचा मथळा लिहून ठेवलाय, बँकांना सरकार दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात असल्याचा. म्हणजे बघा, वहीचा श्रीगणेशाच मुळी पेपरातल्या बातमीने झाला, त्यामुळे पेपरवाल्यांवर या विषयाची थोडी जास्तच जबाबदारी आहे असं माझं आपलं मत.

पण खरी गंमत पुढे आहे. खरोखर बिटकॉइन असलेली धातूची नाणी एकेकाळी निघाली होती! मी नाणीवाला असल्यामुळे मला बिटकॉइनपेक्षा यातच जास्त रस. अमेरिकेत युटा राज्यात माइक काल्डवेल म्हणून एक गृहस्थ, त्यांनी २०११ साली कॅसॅशियस नावाची नाणी काढली. पितळेचं नाणं, त्याच्या आत एक चिमुकला कागद, कागदावर ती किल्ली छापलेली, आणि वरून होलोग्रामचा स्टिकर चिकटवलेला. पत्त्याची पहिली काही अक्षरं बाहेरून दिसायची म्हणजे त्या वहीत जाऊन बघता यायचं की या नाण्यावर खरंच जमा आहे की नाही. स्टिकर सोलला की किल्ली तुमची, पण सोलल्याची खूण नाण्यावर राहते, परत चिकटवून कोणाला गंडवता येत नाही. आपल्याकडे पूर्वी देखणहार हुंडी असायची ना, जो आणून दाखवेल त्याला पैसे, त्यातलाच प्रकार, फक्त पेढीच्या जागी कॉम्प्युटर. तेव्हा एक बिटकॉइन पाचदहा डॉलरला मिळायचं, त्यामुळे ही तशी गमतीची वस्तू होती, लोक एकमेकांना वाढदिवसाला द्यायचे.

आणि त्या पहिल्या खेपेत होलोग्रामवर नावाचं स्पेलिंगच चुकलं, एक एस गळला. आता नाणी जमवणाऱ्याला चुकीचं नाणं म्हणजे काय हे सांगायला नको, आमच्यात बरोबर छापलेल्यापेक्षा चुकलेल्याला भाव जास्त, त्यामुळे ती एस गळालेली नाणी लोक शोधत फिरतात. शिवाय नाण्यात जमा असलेल्या बिटकॉइनची किंमत एक आणि न सोललेल्या नाण्याची किंमत वेगळी, अर्थात जास्त. सोललं की वरची किंमत गेली. म्हणजे मालकाची पंचाईत बघा, पैसे वापरायचे तर नाणं मोडायचं, नाणं जपायचं तर पैसे नुसते बघायचे. आमच्या आजीच्या पुतळ्याच्या माळेसारखंच, तिनेही जन्मभर एक पुतळी मोडली नाही.

अजून एक. बिटकॉइनचा सगळा डौल कशावर, तर कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही, ना बँकेवर ना सरकारवर. आणि हे नाणं घेताना मात्र विश्वास ठेवायचा युटाच्या एका माणसावर, की किल्ली कागदावर छापताना त्याने स्वतःजवळ कॉपी ठेवली नाही. त्या गृहस्थाचं नाव चांगलं राहिलं हे खरं, पण नंतर बऱ्याच जणांनी तसली नाणी काढली आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच. शेवटी नाणं म्हटलं की त्यावर कोणाचातरी शिक्का लागतोच. शिवराईवर एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, त्या अक्षरांवर लोकांनी व्यवहार केला. तांब्याच्या भावावर थोडाच केला?

तर २०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अर्थखात्याच्या फिनसेन विभागाचं काल्डवेलना पत्र आलं, की तुम्ही जे करताय त्याला पैसे पोचवण्याचा धंदा म्हणतात, रजिस्ट्रेशन करा. त्यांनी बिटकॉइन भरलेली नाणी विकणं थांबवलं. त्याच महिन्यात भाव पहिल्यांदा हजार डॉलरच्या वर गेला होता. सुरुवातीच्या बातम्यांत जे फोटो यायचे ते बरेचसे याच नाण्यांचे, कारण दाखवायला दुसरं होतंच काय. पुढे चीनमधल्या कारखान्यांनी तसलीच दिसणारी, पण आत किल्लीबिल्ली काही नसलेली नाणी पाडली, फोटोवाल्यांनी ती विकत घेतली, आणि तीच आता आपल्या बिल्डिंगमध्ये पंधरा हजाराला.

भावाबद्दल आमच्या कट्ट्यावर रोज सकाळी वाद असतो. एक बाजू म्हणते की एकूण २ कोटी १० लाखच बिटकॉइन निघणार, त्यापुढे एकही नाही, दर चारेक वर्षांनी नवीन निघण्याचा वेग निम्मा होतो, २०२४ च्या एप्रिलमध्ये झाला तसा, म्हणजे हे सोन्यासारखंच. दुसरी बाजू विचारते की सोन्याचं निदान मंगळसूत्र होतं, याचं काय होतं? मी मधला. थोडं आहे म्हणून महाग होतं हे अर्धंच खरं, माझ्याकडे एका संस्थानाचं नाणं आहे, फार दुर्मीळ, पण घेणारे जगात मोजून दहा, त्यामुळे ते पडूनच आहे. घेणारा पाहिजे. बिटकॉइनला घेणारे आहेत हे मान्य करावंच लागेल, २०२१ च्या नोव्हेंबरात ६९ हजार डॉलर, वर्षभरात १६ हजाराच्या खाली आणि २०२४ च्या डिसेंबरात एक लाखाच्या वर, असं ज्याचं होतं ते काहीच नाही असं कसं म्हणणार? पण मग चलन तरी कसं म्हणणार, वाण्याने तांदळाला सकाळी एक भाव सांगायचा आणि दुपारी दुसरा? २०१० मध्ये फ्लोरिडात एकाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन दिले होते ते सगळ्यांना माहितीये, त्यानंतर कोण शहाणा याने पिझ्झा घेईल. एल साल्वादोर या देशाने २०२१ मध्ये कायद्याने चलन केलं, २०२५ च्या जानेवारीत दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली. परदेशातून पैसे पाठवायला काही लोक वापरतात, खंडणी मागणारे हॅकरही वापरतात, बाकी बहुतेक जण नुसते धरून बसलेत, न सोललेल्या नाण्यासारखे.

आणि आपल्याकडची बाजू तर बातमीत कधीच धड नसते. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना यातल्या व्यवहारांना हात लावायला मनाई केली, ती सुप्रीम कोर्टाने २०२० च्या मार्चमध्ये उठवली, आता घेणं विकणं गुन्हा नाही पण हे कायदेशीर चलनही नाही. नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस, २०२२ च्या जुलैपासून विकताना १ टक्का टीडीएस, आणि एका व्यवहारात तोटा झाला तर तो दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हे एका चौकटीत बसतं हो! पण त्या जागी फोटो असतो. आपल्या पुण्याला तर याचा चांगलाच चटका बसलाय, महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने, असं सांगून बिटकॉइनच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा केल्याची गेनबिटकॉइनची केस २०१८ मध्ये पुणे पोलिसांनीच हातात घेतली होती, तुम्हीच पान पान भरून छापलं होतं. आणि तेव्हाही, मी कात्रणं काढून बघितली, बातमी फसवणुकीची आणि फोटो तोच, सोनेरी नाण्यांचा ढीग!

मग फोटो काय लावायचा असं तुमचा पानं लावणारा मुलगा विचारेल. ती वही चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशिनांची खोली लावा, पंखे घोंघावतात ती. नाहीतर भावाचा आलेख लावा. काहीच नाही तर फोटोच नको, कराची चौकट लावा. कॅसॅशियसवर बातमी करणार असाल तर त्या नाण्याचा जरूर लावा, पण खाली लिहा की हे नाणं कुठलं आणि त्याच्या पोटात काय होतं. आणि सोनेरी नाणं लावल्याशिवाय पान उठतच नसेल तर निदान खाली बारीक अक्षरात एक ओळ, की हे शोभेचं नाणं आहे, याला बिटकॉइनची किंमत नाही. सिगारेटच्या पाकिटावर लिहितात तसं.

कळावे, लोभ असावा.
आपला एक जुना वाचक, पुणे

ता. क. : पत्र पाकिटात घालणार एवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ परत आले, या वेळी चेहरा जरा खुललेला. त्यांना कोणाचा तरी फोन आला होता, म्हणे रिझर्व्ह बँकेकडून बोलतोय, जुनी आणि दुर्मीळ नाणी आम्ही घेतो, तुमच्या बिटकॉइनचे सव्वातीन लाख मिळतील, फक्त आधी अडीच हजार रजिस्ट्रेशनचे भरा. रिझर्व्ह बँक असली खरेदी करत नाही आणि असली फी घेत नाही, हे तिने २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलेलं आहे, ते मी त्यांना मोबाईलवर काढून दाखवलं. ते वाचून झाल्यावर म्हणाले, "पण मग याच्याकडे माझा नंबर आला कुठून?" फोनवाल्याने व्हॉट्सॅपवर पाठवलेलं पत्रकही त्यांनी दाखवलं. वर कोपऱ्यात तोच फोटो आहे.