गांधीलमाशी नव्हे, पतंग

संपादक महोदय,

देवगडच्या बागेतील ‘गांधीलमाशी’ म्हणून आपण छापलेल्या छायाचित्रातला कीटक वस्तुतः अमाटा गटातला, दिवसा उडणारा पतंग आहे. काळ्या पंखांवरील पारदर्शक ठिपके, जेथे खवले जवळजवळ नसतातच, आणि पोटावरचे रंगीत पट्टे यांमुळे फसगत होते खरी. पण गांधीलमाशीची चिमटलेली कंबर त्याला नाही, नांगीही नाही. भारत व श्रीलंकेत आढळणाऱ्या अमाटा पॅसॅलिस या त्यातल्या एका जातीचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७८१ साली केले. पुढे स्वतंत्र कुल मानला गेलेला हा गट आता एरेबिडी कुलातील आर्क्टिइनी उपकुलात गणला जातो. आमच्याकडे मात्र दिसताक्षणी त्याच्यावर केरसुणी उगारली जाते, म्हणजे सोंग त्याच्याच अंगाशी येते म्हणायचे.

आपला,
एक वाचक, मालवण