तिसऱ्या मुंबईत धारण तलाव आधी आखा

संपादक महोदय,

उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांत ‘तिसरी मुंबई’ उभारण्याचे काम एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आले आहे. चर्चा मात्र अटल सेतू किती जवळ आणि गुंठ्याला भाव काय, एवढीच. यातला खाडीलगतचा पट्टा खाजणाचा, म्हणजे भरतीचे पाणी येऊ शकणाऱ्या सखल जमिनीचा आहे. बाहेरकाठ्याने (खाडीकडच्या बांधाने) उधाण अडवायचे आणि पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या दारातून) सोडायचे, यावर तिथली भातशेती टिकली.

नवी मुंबईत सिडकोने हेच डच पद्धतीच्या धारण तलावांनी साधले. तलावाच्या तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेली झडप असते. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. भरती चढली की खाडीच्या दाबाने ती मिटते आणि शहराचे पाणी तेवढा वेळ तलावात थांबते.

किती थांबते, याचा हिशेब सोपा आहे. १०० हेक्टरवर तासाला ५० मि.मी. पाऊस म्हणजे ५० हजार घनमीटर पाणी. काँक्रीट झाल्यावर त्यातले ८० टक्के वाहते धरा. झडप चार तास मिटलेली राहिली तर १ लाख ६० हजार घनमीटर साठवावे लागेल. वापरता येणारी खोली दीड मीटर असेल तर तलावच साडेदहा हेक्टरांहून थोडा मोठा हवा. एवढी जागा भूखंड पाडून झाल्यावर कोण देणार? नैनासारख्या (नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या क्षेत्रातल्या) नगररचना योजना इथे आल्या, तर मालकांना ४० टक्के जमीन परत देण्याच्या गणितातही तलाव आधी वजा करावेत. पंपांच्या भरवशावर तलाव आक्रसू नयेत. वीज जाते ती नेमकी मुसळधार पावसात.

नवी मुंबईत तलाव आहेत, तिथले दुखणे त्यांच्या देखभालीचे आहे. झडपेत प्लास्टिक किंवा ओंडका अडकला की फट राहते. भरतीचे खारे पाणी गाळ आणि कांदळवनाच्या बिया घेऊन आत येते. दोन-तीन वर्षे गाळाचा उपसा चुकला की कांदळवनाची रोपे मूळ धरतात, आणि मग उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. ते योग्यच आहे. चूक झाडांची नाही, चुकलेल्या उपशाची आहे. म्हणून नाल्याच्या तोंडाशी जाळी आणि गाळ बसायला वेगळा खड्डा, पोकलेन उतरेल असा पक्का उतार, आणि एक झडप दुरुस्तीला काढली तरी काम चालेल अशी दुसरी, हे पहिल्याच निविदेत हवे. दर मे महिन्यात तलावाची खोली मोजून आकडे जाहीर करावेत.

भरावाची उंची ठरवण्यापूर्वी प्रत्येक गावठाणातील घरांच्या जोत्यांची पातळी मोजा. नवे सेक्टर दोन मीटर उचलले की जुने गाव खोलगटात जाते. त्या गावाचे पाणी तलावापर्यंत नेणारा नाला भराव टाकण्याआधी बांधून झालेला असला पाहिजे.

— एक स्थापत्य अभियंता, पनवेल