संशयावरून बंद केलेल्या खात्याबाबत तक्रार

कोल्हापूर,
२२ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : संगणकाच्या मदतीचा संशय घेऊन सशुल्क खाते बंद केल्याबाबत.

महोदय,

मी मंगळवार पेठेत राहते, एका सहकारी दूध संस्थेत हिशेबाचे काम करते आणि गेली तीन वर्षे रात्रीची झाकपाक उरकली की आपल्या संकेतस्थळावर बुद्धिबळ खेळते. मागील मंगळवारी माझे खाते बंद झाले. ‘आपला खेळ मानवी खेळाशी सुसंगत नाही’ एवढेच कळवण्यात आले. कोणत्या डावातील कोणती खेळी आक्षेपार्ह वाटली, असे दोनदा विचारले असता दोन्ही वेळा तेच वाक्य परत आले.

संशयाचे कारण मी समजू शकते. पंधरा मिनिटांच्या डावांत माझे रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, दीड वर्ष ११००च्या आसपास अडकले होते, ते नऊ महिन्यांत १४२०वर गेले. एलो या रेटिंग मोजण्याच्या पद्धतीत रेटिंग ४००ने जास्त असलेल्या खेळाडूकडून दहा डावांत सुमारे नऊ गुणांची (जिंकलेल्या डावाचा एक गुण) अपेक्षा धरतात, म्हणजे माझी झेप लहान नाही आणि ती तपासली जाणे योग्यच आहे. मात्र तपासणी म्हणजे डाव उघडून पाहणे, अशी माझी समजूत आहे.

पूर्वी मी वजीर लवकर बाहेर काढून, घोड्याचा बळी देऊन हल्ला करत असे आणि हल्ला फसला की हरत असे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमधील जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचे जगज्जेते डिंग लिरेन यांची ५५वी खेळी चुकली, हत्ती आणि उंट पटावरून गेले आणि एका जास्तीच्या प्याद्यावर गुकेश जगज्जेता झाला. तो डाव मी पाहिला आणि त्याच आठवड्यात हल्ल्यांचा नाद सोडला. काळ्या मोहऱ्यांनी फक्त कॅरो-कान हा सावध बचाव खेळायचा, असे ठरवले आणि हत्ती-प्याद्यांच्या एंडगेमच्या, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याच्या, अभ्यासाला लागले. ल्युसेनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिंकत्या स्थितीत हत्ती चौथ्या पट्टीवर आणून आपल्या राजाला शहांपासून आडोसा कसा द्यायचा, फिलिडोरच्या बरोबरी राखणाऱ्या बचावात हत्ती कोणत्या पट्टीवर थांबवायचा आणि कधी मागे न्यायचा, हे लाकडी पटावर हाताने मांडून शिकायला मला अडीच महिने लागले.

त्यामुळे आता एक प्यादे जास्त मिळाले, की मी वजिरावजिरी करते, म्हणजे दोन्ही वजीर पटावरून काढते. पटावर मोहरी थोडी उरली, की बऱ्या खेळी दोन-तीनच असतात, आणि मारलेले मोहरे परत मारताना तर बहुधा पर्यायच नसतो. अशा डावांची अचूकतेची टक्केवारी, म्हणजे संगणकाच्या खेळींशी जुळण्याचे प्रमाण, वाढणारच. तेवढ्या आकड्यावरून खेळणाऱ्याला दोषी ठरवणे मला हिशेबनीस म्हणूनही पटत नाही.

सोबत जोडलेल्या दोन डावांत मला तीन खेळींत मात करता येत होती. ती मला दिसली नाही, मी वजिरावजिरी केली आणि पुढे चाळीसहून अधिक खेळी खेळून जिंकले. संगणकाचे ऐकणाऱ्याने असे का करावे? पाच मिनिटांच्या डावांत माझे रेटिंग ९८० आहे आणि या फरकालाही आपण संशयाची खूण मानाल, याची मला कल्पना आहे. म्हणून ते हरलेले डावही पाहावेत. त्यांतील बरेचसे मी जिंकत आलेल्या एंडगेममध्ये घड्याळ संपल्याने हरले आहे.

वर्गणीचे पाच महिने शिल्लक आहेत, पण त्याहून मोठी हानी वेगळी आहे. खात्याबरोबर माझे तीन वर्षांचे डाव, त्यांवरच्या माझ्या टिपणांसह, मला दिसेनासे झाले. वहीत उतरवून ठेवले होते तेवढेच आज हाती आहेत.

तरी आक्षेपार्ह डाव मला दाखवावेत, बुद्धिबळ जाणणाऱ्या माणसाकडून ते तपासून घ्यावेत आणि तोवर निदान माझे जुने डाव उतरवून घेऊ द्यावेत. दोष आढळला नाही, तर खाते पूर्ववत करावे व बंद काळाइतकी मुदत वाढवून द्यावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक सशुल्क सभासद
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत : वहीतील दोन डावांच्या नोंदी, वर्गणीची पावती.